झगेवाला कोण होता

लहानपणी मी भांडखोर होते. नळावरून, लिफ्टवरून, बॅडमिंटनच्या फुलावरून, कशावरूनही. पण सगळ्यात जास्त भांडले ती एका व्हिडिओ गेममधल्या माणसावरून, आणि त्या भांडणात मी एका मुलाच्या मनगटाला कडकडून चावलेही होते. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. त्यानं फालतू मुद्दा काढला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळला आमची बिल्डिंग नवीकोरी होती. समोर दुसरी बांधायची म्हणून मोठा खड्डा खणून ठेवलेला, आणि त्यापलीकडे करावे गावापर्यंत सगळं मोकळं. सोसायटीत जो तो कुठून तरी आलेला. कुणी गिरगावातली खोली विकून, कुणी चिपळूणहून, कुणी साताऱ्याकडून बदली होऊन. त्यामुळे कोण कुणाचं कोण लागतं हे आधीपासून कुणालाच ठाऊक नव्हतं, विचारून घ्यावं लागायचं. आणि विचारायला आमच्या बायका कमी करत नसत.

आमच्या घराचं उत्तर ठरलेलं होतं. बाबा बोटीवर असतात. आई न्हावा शेव्याला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट. आणि काका, म्हणजे बाबांचे भाऊ, पनवेलला राहतात, त्याच ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, ते अधूनमधून येऊन आमच्याकडे बघतात. बाबांना मी कधी पाहिलं नव्हतं. बोट फार लांब असते, एवढंच आई सांगायची. बिल्डिंगमध्ये बोटीवरचं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे बोटीवरची माणसं घरी येतात तरी कधी, हे मला सांगणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची. तिच्या भावाला आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादा दहावीला आपटला होता आणि घरीच असायचा. तो गप्प बसावा म्हणून की काय, त्याच्या वडलांनी फोर्टच्या फुटपाथवरून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता, आणि त्यासोबत एक पिवळी कॅसेट. ती कॅसेट लावली की पडद्यावर नुसती चिनी अक्षरं यायची. चिनी की जपानी कोण जाणे, आम्ही चिनी म्हणायचो. गेमचं नाव वाचता येत नव्हतं म्हणून आम्हीच नाव ठेवलं, ‘सात दारं’.

लाल टोपीचा एक पोरगा. सुरुवातीला एका झोपडीत एक बाई रडते आणि पोरगा काठी घेऊन निघतो. सात किल्ले, प्रत्येकाच्या शेवटी एक बंद दार. तिथे पोचलं की डावीकडून काळा झगा घातलेला, तोंड झाकलेला एक माणूस येतो. दार उघडतो, खाली एक पाव ठेवतो, आणि आला तसाच डावीकडे निघून जातो. पोरग्याकडे बघतसुद्धा नाही. त्याच्या मागे जाता येत नाही, कारण त्या गेममध्ये पडदा फक्त पुढे सरकायचा, मागे कधीच नाही. आणि सातव्या दाराशी हाच माणूस, इतके दिवस पाव देणारा, तलवार काढून पोरग्याच्या अंगावर येतो.

कोण होता तो? यावर आमची अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली. अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणजे ज्याला जे वाटेल ते तो ठासून सांगायला मोकळा. दोन पार्ट्या पडल्या. दादाची पार्टी म्हणायची, तो राजाचा माणूस आहे, पोराला गोड बोलून सातव्या दारापर्यंत आणतोय. माझी पार्टी म्हणायची, तो पोराचा बाप आहे. माझ्या पार्टीत मी, माझी मैत्रीण आणि उरणकडचा एक मुलगा, जो सुट्टीत शेजारच्या बिल्डिंगमध्ये आपल्या मामूंकडे यायचा. हे मामू दुबईला जाऊन-येऊन असत, म्हणून त्या मुलाच्या शब्दाला वजन होतं.

माझ्याकडे पुरावे होते. झगेवाल्याचा पट्टा लाल, पोराची टोपी लाल, अगदी तोच लाल. दादा म्हणायचा, “अगं येडे, गेममध्ये कलरच चार असतात. मग काय लाल दिसलं की बाप?” मी म्हणायचे, मग दुसऱ्या कुणाला का नाही दिला लाल? राक्षसाला का नाही दिला? झोपडीत बाई रडते तेव्हा जी धून वाजते, तीच झगेवाला आला की वाजते, फक्त हळू. त्यावर खालच्या मजल्यावरचा एक मुलगा म्हणाला की धून तीच आहे कारण कॅसेट स्वस्तातली आहे. त्याच्याच मनगटाला मी चावले.

माझा जीव त्यात का अडकला होता हे सांगायला फार अक्कल लागत नाही. मला बाप हवा होता. तोंड झाकलेला चालेल, न बोलणारा चालेल, पण दारापाशी येणारा. झगेवाला जर बाप असेल, तर न सांगता येणारे बापही जगात असतात, असं काहीतरी माझ्या डोक्यात पक्कं बसत चाललं होतं. हे तेव्हा मला शब्दांत सांगता आलं नसतं. मला फक्त दादाचा राग यायचा.

एका दुपारी दादाचं डोकं फिरलं. मी पुन्हा त्या लाल पट्ट्याच्या मुद्द्यावर आले होते. त्यानं हातातलं रिमोटसारखं ते बटणांचं खोकं खाली ठेवलं आणि म्हणाला, “चल, राजाचा माणूस नाय, मान्य. पण बाप पण नाय. तो काका आहे.”

“काका?”

“मग? मधूनच येतो, खायला घेऊन येतो, दार लावून घेतो, आणि गुपचूप निघून जातो. बाप कसला असतोय असला? काकाच असतो असला.”

सगळे हसले. खालच्या मजल्यावरचा तो मुलगा तर लोळायला लागला. मीही हसले. काय विनोद झाला ते कळलं नाही, झगेवाला तर दार उघडायचा; पण सगळे हसताना आपण मागे राहू नये म्हणून हसले. आणि मग मी छाती पुढे काढून म्हणाले, “काका असलं काही करत नाहीत. मला पण काका आहेत, मला माहीत आहे.” त्यावर जे हसू फुटलं, ते आतून दादाची आई बाहेर येईपर्यंत थांबलं नाही. त्या दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि दादाला म्हणाल्या, “मेल्या, काय बोलतोस ते कळतं का तुला?” पण त्यांच्याही तोंडावरचं हसू पुरतं पुसलेलं नव्हतं. मला त्यांनी रव्याचा लाडू दिला.

जिन्यात मी मैत्रिणीला धरलं. “का हसले गं?”

“काही नाही.”

“खरं सांग, नाहीतर कट्टी. कायमची.”

ती बराच वेळ कठड्याचा रंग खरवडत राहिली. मग तिनं मला उलट विचारलं, “तुझी आई तुझ्या काकांना काय म्हणते?”

“म्हणजे?”

“माझी आई माझ्या काकांना भावोजी म्हणते. सगळ्यांच्या आया म्हणतात. तुझी आई काय म्हणते?”

मी विचार केला. आई त्यांना हाकच मारायची नाही. जेवायला वाढताना म्हणायची, “अहो, अजून थोडा भात.” मी मैत्रिणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, “तेच,” आणि वर पळाली.

त्या आठवड्यात कराव्याची मासेवाली दारात आली. डोक्यावरची पाटी उतरवत मला म्हणाली, “पोरी, आयशीला सांग, तुजे बापसानं सांगलेला जिताडा आनलाय.”

“बाबा नाहीत, काका,” मी म्हटलं.

तेवढ्यात आई आतून आली. मासेवालीनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “काका हाय त काका हाय. जिताडा ताजा हाय, बघून घे.” आईनं कल्ले उघडून पाहिले, मासा घेतला. मला वाटलं आता आई काहीतरी बोलेल. ती विळीवर मासा कापत बसली आणि मला अभ्यासाला बस म्हणाली. सुट्टीत कसला अभ्यास!

शाळा सुरू व्हायला थोडे दिवस राहिले असताना उरणकडचा मुलगा धावतपळत आला. त्याचे मामू दुबईहून आले होते आणि त्यांनी गेमची कॅसेट आणली होती. तोच गेम, तोच लाल टोपीचा पोरगा, पण अक्षरं इंग्लिश. दादाच्या घरात एवढी पोरं जमली की दार लावता येईना. दादा खेळायला बसला. मैत्रीण इंग्लिश मीडियमची, तिनं वाचून दाखवायचं ठरलं. आम्ही मराठी शाळेतले, आम्हाला पाचवीपासून ए बी सी डी.

पहिल्या सहा दारांशी झगेवाला काहीच बोलत नाही, हे बघून आमची निराशा झाली. पाव ठेवतो, जातो. सातव्या दाराशी दादा दोनदा मेला. पोरं त्याला शिव्या घालायला लागली. तिसऱ्यांदा झगेवाला पडला. पडद्यावर पोरगा त्याच्याजवळ गेला आणि खाली एकेक अक्षर टकटक करत उमटायला लागलं. पोरगा विचारत होता, तू कोण आहेस? उत्तर आलं. मैत्रिणीनं वाचलं.

“कॉल मी अंकल.”

त्यानंतर झगेवाला डावीकडे सरपटत गेला आणि पडद्याबाहेर नाहीसा झाला. पोरगा उजवीकडच्या दारातून बाहेर पडला. संपलं.

दादानं उडी मारली. “बोललो होतो ना! अंकल! काका! खल्लास, आमी जिंकलो.”

सगळ्यांनी ओरडाओरडा केला. मी रडायच्या बेतात होते. तेव्हा उरणकडचा मुलगा, जो कधी आवाज चढवून बोलायचा नाही, तो म्हणाला, “थांबा. मी अंकल आहे, असं कुठे म्हटलं त्यानं?”

“मग काय म्हटलं?”

“मला अंकल म्हण, असं म्हटलं.”

“एकच की.”

“एक कसं? जो असतो तो सांगतो, मी तुझा काका. म्हण असं कशाला सांगेल? नसतो, त्यालाच म्हण असं सांगावं लागतं.”

तो बिचारा माझ्या बाजूनं भांडत होता. तो सुट्टीपुरता येणारा, त्याला आमच्या बिल्डिंगमधलं काही माहीत नव्हतं, त्याला फक्त गेममधलं खरं काय ते हवं होतं. पण दादा टीव्हीकडे बघायला लागला. मैत्रीण माझ्याकडे बघत होती, आणि एकेक करून बाकीचेही बघायला लागले. त्यांनी सुट्टीभर माझी जी थट्टा केली होती, ती आता त्यांनाच नकोशी झाली असावी.

माझ्या कानात आईचा आवाज आला. काका आले की ती मला दारापाशी पुढे करायची आणि म्हणायची, “काका म्हण त्यांना.” हे तुझे काका, असं ती कधी म्हणाली होती? मी आठवून आठवून पाहिलं. एकदाही नाही. काका म्हण. नेहमी, काका म्हण.

मी तशीच खाली आले. पायातल्या चपलाही वरच राहिल्या.

त्यानंतर काका आले ते एका रविवारी दुपारी. एरवी रविवारी ते येत नसत, पण शेव्याला कुठलीशी बोट लागली होती, त्या निमित्तानं आले. जेवायला बसले होते. आईनं वरण वाढलं. मी समोर बसले आणि विचारलं, “मी तुम्हाला काय म्हणू?”

त्यांचा हात भातातच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईच्या हातात तुपाची लोटी होती, ती तिनं खाली ठेवली नाही आणि वाढलंही नाही. मला कळलं की आता काहीतरी सांगतील. माझी तयारी होती. काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं, देवाशपथ.

“काका म्हण,” ते म्हणाले. आणि जेवायला लागले.

बस्स. त्या दिवशी माझ्या आत जे तुटलं ते पुन्हा जोडलं गेलं नाही. मी त्यांना काका म्हणणं बंद केलं. बाबा म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. मराठीत माणसाला हाक न मारता वर्षानुवर्षं बोलता येतं. जेवण झालंय, चला. फोन आलाय, घ्या. आई झोपलीय, थांबा. मी तसंच बोलायचे, आणि तेही कामापुरतं. ते नेहमीसारखे येत राहिले, येताना मासे आणत राहिले. एकदोनदा जाताना दाराशी घुटमळले, माझ्याकडे बघून, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. मी चपला सरळ करत बसले. मला त्यांचा इतका राग होता की कधीकधी ते येऊन गेल्यावर माझं डोकं दुखायचं.

दादाचं कुटुंब पुढे डोंबिवलीला गेलं, गेम गेला, झगेवाल्याचा निकाल कधी लागला नाही.

मी बारावीत असताना ते गेले. शेव्याच्या यार्डात, कंटेनरच्या रांगेत उभे असताना छातीत कळ आली आणि तिथेच. आई भर दुपारी ऑफिसमधून घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला टिकली. नवरा बोटीवर आहे असं सांगत आलेल्या बाईला ते उतरवताही येत नाही.

“तू जा पनवेलला,” ती म्हणाली.

“मी नाही जाणार.”

“मला जाता येत नाही गं. मी कोण म्हणून जाऊ? तू ऑफिसातल्या बाईंची मुलगी म्हणून जा. बघून ये आणि मला सांग कसे दिसत होते.”

मी गेले. घर माणसांनी भरलं होतं, तीन भावांचं एकत्र कुटुंब. बायका आतल्या खोलीत, मध्ये ते. मी भिंतीपाशी जागा धरली. त्यांच्या उशाशी एक मुलगी बसली होती, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, आणि ऊर बडवून रडत होती. “काका, उठा ना हो. काका, असं काय करता? बोला ना माझ्याशी, काका.”

मला तिचा राग आला. पुतणी एवढी रडते, आणि मुलगी कुठे आहे? त्यांना एक मुलगी आहे हे मला आईच्या बोलण्यातून कळलेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मी हळूच विचारलं, “त्यांची मुलगी कुठली?”

“हीच की.”

“ही तर काका म्हणतेय.”

“अगं, आमच्यात तसंच आहे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “थोरल्याची पोरं त्याला काका म्हणायची, ते ऐकून ही पण लहानपणापासून काकाच म्हणायला लागली. तिला कितीदा सांगितलं, बाबा म्हण. नाही म्हणाली. आणि त्यालाही तेच आवडायचं. म्हणायचा, मला बापाची हाक म्हणजे काका. तू कुणाची गं?”

“ऑफिसातल्या बाईंची,” मी म्हटलं.

त्यांनी मला नमस्काराला पुढे ढकललं. मी वाकले. त्यांचे पाय गार होते, अंगठ्यांना दोरी बांधलेली. ती मुलगी माझ्या खांद्याला लागून रडत होती, काका, काका. तिथे मीही तो शब्द म्हटला असता तर कुणी वर मान करून पाहिलं नसतं. काका कुणीही कुणाला म्हणतं. माझे ओठ हलले, पण इतक्या वर्षांत तोंडाला त्या शब्दाची सवयच राहिली नव्हती. मागच्या बायका म्हणाल्या, पोरी, सरक, बाकीच्यांना येऊ दे.

घरी आले तर आई दारातच होती. मी सांगितलं, शांत दिसत होते, दाढी केलेली होती, पांढरा सदरा होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, “त्यांची मुलगी त्यांना काय म्हणते, तुला माहीत होतं?”

“हो.”

“म्हणून मला काका म्हण म्हणायचीस?”

“त्यांनीच सांगितलं होतं. तू पाळण्यात असताना. म्हणाले, माझी मुलगी मला जे म्हणते तेच हीही म्हणेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी ओरडले, “मग मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एकदा तरी? मी विचारलं होतं ना त्यांना, जेवताना, तुझ्यासमोर?”

“तू बिल्डिंगभर सांगितलं असतंस,” आई म्हणाली.

सांगितलंच असतं. जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेले असते, दादाच्या टीव्हीसमोर उभी राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं. आणि मग ते आमच्याकडे पुन्हा कधी आले नसते.